चितेगावचा दोन मिलिमीटरचा पाणभुंगेरा

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

चितेगाव हे छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचे, पैठण तालुक्यातील गाव. पैठण म्हटले की आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना सातवाहन आठवतात, नाथमहाराज आठवतात, पैठणी आठवते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला गोदावरी आणि जायकवाडीचा नाथसागर आठवतो. परंतु याच मुलखात पावसाळ्यात मुरुमाच्या खड्ड्यांतून जे पाणी साचते, त्यात राहणाऱ्या एका जिवाविषयी मी लिहिणार आहे. त्याची लांबी दोन मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे साधारण मोहरीच्या दाण्याएवढी. प्रस्तुत लेखाचा विषय हा जीव ओळखायचा कसा, एवढाच आहे. कलाशाखेच्या अंकात किड्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेख वाचताना मिळावे अशी अपेक्षा आहे. कारण ओळख पटवण्याची ही रीत जुन्या पोथीतील पाठ निश्चित करण्याच्या रीतीपेक्षा फारशी वेगळी नाही.

‘पाणकिडा’ हा एकच शब्द

आमच्या गावात पाण्यात दिसणाऱ्या झाडून साऱ्या बारीक जिवांना ‘पाणकिडे’ म्हणतात. रोजच्या व्यवहाराला तो शब्द पुरतो. पण चहाची गाळणी खड्ड्याच्या काठाने गवतातून दोनदा फिरवावी, ती पांढऱ्या थाळीत झटकावी आणि थाळीत बोटभर पाणी घालून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. म्हणजे त्या एका शब्दाने किती निरनिराळी मंडळी झाकली आहेत ते ध्यानात येते. कोणी उलटे पोहते, कोणी पृष्ठभागावर गरगर फिरते, कोणी काडीला धरून चालते, तर कोणी पाण्यातून बाणासारखे सुटून तळाशी दडते.

या गर्दीत दोन मिलिमीटरचे, पिवळसर तपकिरी, पाठीवर गडद नक्षी असलेले काही जीव मला वारंवार मिळाले. वरवर पाहता ती एखाद्या गवताची बी वाटते. पण ती बी क्षणात तळाला जाते आणि थोड्या वेळाने शेपटाकडचे टोक वर करून पृष्ठभागाला टेकते. हे शेपटाकडून वर येणे हीच ओळखीची पहिली खूण. ती नीट समजण्यासाठी पाण्यातील भुंगेऱ्यांची थोडी माहिती हवी.

पाण्यातले शिकारी

भुंगेरे हा कीटकांतील ढालपंखी गण. यांच्या पंखांची पुढची जोडी कठीण होऊन ढालीसारखी पाठीवर बसते आणि उडण्याचे खरे पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. या गणातील डायटिसिडी हे कुल पाण्यात शिकार करून जगते. जगभरात या कुलाच्या चार हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. ‘डायटिस्कस’ हे नाव लिनियसने १७५८ साली वापरले; ग्रीक भाषेत त्याच्या मुळाशी बुडी मारण्याचा अर्थ आहे. यांतील मोठे भुंगेरे इंचभर लांबीचे असतात आणि पावसाळ्यात दिव्यावर येऊन आदळतात, ते पुष्कळांनी पाहिले असतील. परंतु कुलातील फार मोठा भाग पाच मिलिमीटरच्या आतला आहे आणि तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

श्वासासाठी हे भुंगेरे हवेवर अवलंबून असतात. शेपटाकडचे टोक पाण्याबाहेर काढून ते ढालपंखांच्या खाली हवेचा साठा भरून घेतात आणि त्या पुंजीवर पाण्याखाली वावरतात. मागचे पाय चपटे असून त्यांवर केसांची झालर असते. होडीच्या दोन वल्ह्यांप्रमाणे ते दोन्ही पाय एकाच वेळी मारले जातात. अळी तर आईबापांहून अधिक क्रूर. तिचे जबडे विळ्यासारखे वाकडे आणि बहुतेक जातींत आतून पोकळ असतात. भक्ष्यात ते रुतवून ती पाचक रस आत सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते. डासांच्या अळ्या हे अशा शिकाऱ्यांचे एक नेहमीचे खाद्य आहे. पूर्ण वाढलेली अळी पाणी सोडून काठच्या ओल्या मातीत शिरते, तेथे कोश करते आणि भुंगेरा होऊन पुन्हा पाण्याकडे येते. म्हणजे या जिवाला खड्ड्यातले पाणी जितके हवे तितकाच त्या खड्ड्याचा मातीचा काठही हवा.

ओळखीच्या पायऱ्या

आता मुख्य विषयाकडे वळतो. ओळख पटवताना एकदम नावाकडे धाव घेऊ नये. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसे एकेका प्रश्नाचे उत्तर घेत वर जावे. कोणतीही पायरी गाळली तर पुढचे सारे व्यर्थ होते.

पहिला प्रश्न: हा भुंगेरा आहे की ढेकणाच्या गणातला कीटक? हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण त्याच पाण्यात मायक्रोनेक्टा नावाचे तेवढेच लहान पाणढेकूण झुंडीने असतात. भिंगाखाली पाठ पाहावी. भुंगेऱ्याचे दोन ढालपंख मध्यभागी एका सरळ रेषेत भिडतात, कपाटाची दोन दारे मिटावीत तसे. ढेकणाच्या गणात पंखांची टोके एकमेकांवर चढलेली दिसतात. माझ्या नमुन्यांत रेघ सरळ होती.

दुसरा प्रश्न: भुंगेरा, पण कोणत्या कुलातला? हायड्रोफिलिडी कुलातील पाणभुंगेरे दिसायला जवळचे. परंतु त्यांच्या शृंगिकांचे टोक गदेसारखे जाड असते, ते हवा घेण्यासाठी डोक्याकडून वर येतात आणि पोहताना पाय आळीपाळीने हलवतात. डायटिसिडींच्या शृंगिका दोऱ्यासारख्या सरळ व अकरा पेरांच्या. पृष्ठभागावर गरगर फिरणारे गायरिनिडी तर डोळ्यांवरूनच कळतात. त्यांचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला, एक पाण्यावर पाहणारा आणि एक पाण्याखाली. हॅलिप्लिडींच्या पोटाकडे मागच्या पायांच्या मुळाशी मोठ्या तकटा असतात, त्यांनी पोटाचा पुढचा भाग झाकला जातो. खरी अडचण नोटेरिडी कुलाची. तेही लहान, तेही शेपटाकडून वर येणारे आणि एके काळी डायटिसिडींतच गणले जाणारे. त्यांचे अंग वरून चांगलेच फुगीर आणि खालून सपाट असते, पुढे रुंद होऊन मागे निमुळते होते, आणि मागच्या पायांच्या दरम्यान पोटाकडे एक सपाट चौथरा दिसतो. माझ्या नमुन्यांना तसा चौथरा नव्हता. कुल ठरले: डायटिसिडी.

तिसरा प्रश्न: कोणते उपकुल? येथे दोन खुणा एकत्र पाहाव्या लागतात. ढालपंखांच्या मुळाशी मध्यभागी असणारी लहान त्रिकोणी पट्टिका उघडी आहे की झाकलेली, ही पहिली. ती झाकलेली असेल तर पुढच्या व मधल्या पायांच्या टोकाची पेरे मोजावीत, ही दुसरी. हायड्रोपोरिनी उपकुलात ती चारच दिसतात. वास्तविक ती पाच असतात. परंतु चौथे पेर अगदी खुजे राहून तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये लपलेले असते. लॅकोफिलस वंशाच्या भुंगेऱ्यांतही त्रिकोणी पट्टिका झाकलेली असते, पण त्यांची पाचही पेरे स्वच्छ मोजता येतात. पट्टिका झाकलेली आणि पेरे दिसायला चार, म्हणून माझे नमुने हायड्रोपोरिनीत गेले. हातातल्या साध्या भिंगाची शक्ती येथे संपते. यापुढे सूक्ष्मदर्शक हवा.

चौथा प्रश्न: कोणता गट आणि कोणता वंश? या पायरीवर मला सर्वांत अधिक आनंद झाला, कारण येथे सारे काही रेघांवर ठरते. बिडेसिनी गटाच्या भुंगेऱ्यांत अग्रवक्षाच्या मागच्या कडेवर, डाव्या व उजव्या बाजूस, एकेक लहान खोल रेघ कोरलेली असते. बहुधा तिच्या पुढे ढालपंखावरही तशीच आखूड रेघ असते, जणू एकच रेघ मधल्या सांध्याने तोडली आहे. ही जोडी दिसली की गट जवळजवळ ठरतो. मग वंशासाठी आणखी दोन रेघा तपासाव्यात. डोळ्यांच्या मागे डोक्यावरून आडवी जाणारी बारीक रेघ आहे का? ढालपंख जेथे भिडतात त्या शिवणीला समांतर रेघ आहे का? बिडेसस व क्लायपिओडायटिस या वंशांत डोक्यावरची आडवी रेघ असते. ती नसेल आणि शिवणीची रेघ असेल, तर हायड्रोग्लायफस. दोन्ही नसतील तर युव्हॅरस वंशाकडे पाहावे. माझ्या नमुन्यांवर अग्रवक्षाची रेघ, ढालपंखाची आखूड रेघ व शिवणीची रेघ अशा तिन्ही होत्या. डोक्यावरची मात्र नव्हती. वंश मिळाला: हायड्रोग्लायफस. ग्रीकमध्ये ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘ग्लायफ’ म्हणजे कोरणे. ज्याची ओळखच कोरलेल्या रेघांवर ठरते, त्याला हे नाव शोभते.

नक्षीवर विश्वास किती ठेवावा?

वंश ठरल्यावर जातीचा प्रश्न उरतो आणि मोह होतो तो येथेच. भारतात या वंशाच्या ज्या जाती नोंदल्या आहेत त्यांत फ्लॅम्युलेटस व इन्कॉन्स्टन्स या दोन आहेत. पहिलीचे वर्णन डेव्हिड शार्प या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८२ साली केले, दुसरीचे मॉरिस रेजिंबार या फ्रेंच अभ्यासकाने १८९२ साली. पहिल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘लहान ज्वाळांचा’. पिवळ्या ढालपंखांवर जी गडद नक्षी असते तिच्याकडे पाहिले की ‘ज्वाळा’ हा शब्द सहज सुचतो. तेव्हा नक्षी पाहून नाव देऊन मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल.

परंतु दुसरे नाव येथे सावध करते. ‘इन्कॉन्स्टन्स’ म्हणजे अस्थिर, बदलणारा. एकाच खड्ड्यातून, एकाच दिवशी, एकाच गाळणीत आलेले माझे नमुने शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एकाची नक्षी ठसठशीत, दुसऱ्याची तुटक, तर तिसऱ्याची जवळजवळ पुसलेली आढळली. एकाच लेखकाचे हस्ताक्षर घाईत व निवांतपणी वेगळे पडावे तसा हा प्रकार. नक्षीवरून जात ठरवणे म्हणजे अक्षराच्या वळणावरून ग्रंथकर्ता ठरवणे होय. कधी बरोबर येईलही, पण पुरावा म्हणून टिकणार नाही.

मग टिकणारा पुरावा कोणता? डायटिसिडींच्या अनेक वंशांत तो नराच्या जननेंद्रियात असतो. पोटाच्या टोकाशी दडलेला हा कठीण अवयव प्रत्येक जातीत विशिष्ट आकाराचा असतो. नमुना कोमट पाण्यात मऊ करून बारीक टाचणीने तो बाहेर काढतात, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून बाजूने व वरून पाहतात आणि प्रमाणित आकृतीशी ताडतात. दोन मिलिमीटरच्या प्राण्यावर हे काम करायला हात फार स्थिर लागतो.

हा आग्रह पंडिती वाटू नये म्हणून एक घडलेले उदाहरण देतो. इरेटिस नावाचा मध्यम आकाराचा पाणभुंगेरा उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळतो. त्याच्यातील बहुतेक साऱ्या नमुन्यांना अभ्यासक दीर्घकाळ ‘इरेटिस स्टिक्टिकस’ हेच नाव देत आले. २००२ साली केली मिलर यांनी या वंशाची फेरतपासणी केली, नरांचे अवयव पाहिले आणि त्या एका नावाखाली एकाहून अधिक जाती वावरत असल्याचे दाखवून दिले. त्यापूर्वीच्या याद्यांतील ‘स्टिक्टिकस’ म्हणजे नेमकी कोणती जात, हे आता जपलेला नमुना पुन्हा पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. ज्यांनी नुसते नाव लिहिले आणि नमुना ठेवला नाही, त्यांची नोंद तेवढ्यापुरती निरुपयोगी झाली. चुकीचे किंवा सैल नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत जाते आणि प्रत्येक नकलेबरोबर अधिक अधिकृत दिसू लागते. पोथ्यांच्या नकलांविषयी आपले मराठीचे प्राध्यापक जे सांगतात, तेच हे.

नावाचा प्रवास

जुने ग्रंथ उघडणाऱ्याला आणखी एक अडथळा येतो, त्याची कल्पना आधी असावी. शार्पचा १८८२चा मोठा ग्रंथ डब्लिनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्या काळी हे सारे रेघवाले चिमुकले भुंगेरे बिडेसस या वंशात मोडत. पुढे १९३४ साली गिग्नोटस हे वंशनाम आले. भारतीय पाणभुंगेऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे टी. जी. वझिरानी यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतील लेखनात हे भुंगेरे गिग्नोटस या नावाखाली शोधावे लागतात; त्यांची पौर्वात्य डायटिसिडींची सूची १९७७ साली निघाली. परंतु मोचुल्स्कीने हायड्रोग्लायफस हे नाव १८५३ सालीच दिलेले होते. प्राणिनामांच्या नियमांत जुन्या नावाला अग्रमान असतो, म्हणून आता तेच प्रचलित आहे. फिनलंडचे ओलोफ बिस्त्रोम यांनी १९८८ साली बिडेसिनी गटातील वंशांचा एकत्र आढावा घेतला. तात्पर्य, तीन ग्रंथांत तीन नावे दिसली तरी प्राणी एकच असू शकतो.

हे काम संपले आहे असे मात्र कोणी समजू नये. सायली शेठ, हेमंत घाटे व यिरी हायेक यांनी २०१८ साली महाराष्ट्रातील कोपेलॅटस वंशाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तीन जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. आपल्याच राज्यातल्या पाण्यातील भुंगेऱ्यांना अजून नावे मिळत आहेत.

चिठ्ठीचे महत्त्व

नमुना जपायचा तो असा: थोडेच भुंगेरे घ्यावेत, बाकीचे पाण्यात परत सोडावेत. घेतलेले सत्तर टक्के अल्कोहोलच्या लहान कुपीत ठेवावेत आणि कुपीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी; शाई विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, राज्य, तारीख, पाण्याचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव असावे.

भूगोलाचा विद्यार्थी म्हणून या चिठ्ठीवर मी मुद्दाम भर देतो. चितेगाव नुसते लिहून भागत नाही. चितेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे. ‘औरंगाबाद’ एवढेच लिहिले तर बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे. शिवाय आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, त्यामुळे जुन्या संग्रहांतील चिठ्ठ्या व नव्या चिठ्ठ्या यांचा मेळ घालण्यासाठी काही वर्षे दोन्ही नावे लिहिणे हिताचे. अक्षांश-रेखांश दिले तर वाद उरतच नाही. चिठ्ठी नसलेला नमुना हा तारीख नसलेल्या नाण्याप्रमाणे. देखणा असेल, पण इतिहास सांगणार नाही.

माझ्या कुपीतील चिठ्ठीवर मी असे लिहिले आहे: ‘हायड्रोग्लायफस, जात अनिश्चित. चितेगाव, तालुका पैठण. मुरुमाच्या खड्ड्यातील पावसाचे पाणी, गवताळ काठ.’ नावापुढे ‘जात अनिश्चित’ हे शब्द लिहिताना मला कमीपणा वाटला नाही. वंशापर्यंतची प्रत्येक पायरी मी कोणालाही दाखवू शकतो. पुढची पायरी नराच्या अवयवाची तपासणी झाल्यावर चढता येईल. नमुना जपलेला असल्याने ते काम माझ्या हातून झाले नाही तरी दुसऱ्याच्या हातून होईल. पुण्यात प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तेथे अशा कामाचे जाणकार असतात.

हे सारे कशासाठी?

शेवटी मूळ प्रश्न. दोन मिलिमीटरच्या किड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते कारणे दोन आहेत.

पहिले कारण आपल्या भूमीचे. चितेगाव-बिडकीन हा पट्टा झपाट्याने बदलला आहे. कारखाने आले, शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्र आले, रस्ते रुंद झाले; शेतांतून प्लास्टिक अंथरलेली शेततळी झाली. माणसाला रोजगार व पाणी हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुरुमाचा खड्डा बुजतो तेव्हा त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि प्लास्टिकच्या तळ्याला तो मातीचा ओला काठ नसतो, ज्यात अळीने कोश करायचा. उद्या कोणी विचारील, येथे पूर्वी पाण्यात काय राहत होते? त्याचे उत्तर केवळ अशाच कुपी आणि चिठ्ठ्या देऊ शकतील. नाव नसलेल्या गोष्टीची हानी मोजता येत नाही.

दुसरे कारण आपल्या अभ्यासाचे. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला वाटते’ यांतील अंतर ओळखणे ही कोणत्याही शाखेच्या शिक्षणाची पहिली अट आहे. शिलालेखातील अक्षर झिजले असेल तर चांगला वाचक तेथे कंस करून जागा मोकळी सोडतो, पदरचे अक्षर घालत नाही. हायड्रोग्लायफसपुढची माझ्या चिठ्ठीवरची मोकळी जागा त्याच जातीची आहे. येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी कोणाच्या गावी असे पाणी साचले, तर गाळणी, पांढरी थाळी, दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरे आहे. पहिले तीन प्रश्न काठावर बसून सुटतात. चौथ्यासाठी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाचे दार ठोठवावे. कलाशाखेचा विद्यार्थी म्हणून कोणी परत पाठवत नाही.